आत्याचा हात

माझी मान दुखते हे मी आता कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्याकडे उपाय तयारच असतो. एक म्हणतो उशी काढून टाका, दुसरा म्हणतो दोन घ्या, तिसरा मेथीचे दाणे शेकायला सांगतो. यांपैकी कुणाचाही मला राग येत नाही, बिचारे प्रेमाने सांगतात. माझा राग एकाच माणसावर आहे, आणि ज्या बाईने मला वाढवलं तीच ते माणूस आहे. म्हणून तर तो उतरत नाही.

मी धारला राहते आणि नालछ्याच्या सरकारी शाळेत शिकवते. त्या वर्षी मार्चमध्ये बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायचं काम माझ्याकडे आलं. केंद्र धारमध्येच होतं, त्यामुळे प्रवास वाचला म्हणून मी खूश होते. तिथे गेल्यावर कळलं की टेबलं पहिली-दुसरीच्या पोरांची आणि खुर्च्या मास्तरांच्या. नऊ दिवस मी हनुवटी छातीला टेकवून लोकांच्या मुलांचं हिंदी तपासलं. रोज घरी जाताना मानेत कळ यायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण दहाव्या दिवशी मला पाडव्यासाठी देवासला जायचं होतं.

देवासला माझी आत्या राहते. मी आठ वर्षांची असताना आई गेली, वडील ट्रेझरीत कारकून, त्यांची बदली आज बागला तर उद्या सरदारपूरला. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती धारला आली, माझे चार फ्रॉक एका पिशवीत भरले आणि मला घेऊन गेली. पुढची चौदा वर्षं मी तिच्याकडे होते. तिने मला शिकवलं, कांजिण्यांत रात्रंदिवस उशाशी बसली, लग्नात कन्यादानाला वडिलांच्या शेजारी बसायचा हट्ट धरला आणि बसलीही. हे सगळं खरं आहे, आणि पुढे जे सांगणार आहे तेही खरं आहे. दोन्ही एकाच बाईचं कसं, हे मला अजून जुळवता येत नाही.

आत्याचा हात प्रसिद्ध होता. तिचे सासरे जुन्या दरबारच्या तालमीत पैलवानांना मालिश करत, निखळलेला खांदा बसवत, चढलेली नस उतरवत. मुलगा काही शिकला नाही, सून शिकली. संस्थान गेलं, तालीम गेली, पैलवान गेले, हात राहिला. टेकडीखालच्या तिच्या दोन खोल्यांत मराठी, मालवी, सगळ्या जातीची माणसं यायची. बाकी देवासात तिला कुणी आत्या म्हणत नसे, सगळ्यांची ती बई, मालवीत आई. ती पैसे घेत नसे. एक नारळ, एक सुपारी. मंगळवार आणि रविवार सोडून हात लावत नसे. पूर्वेला तोंड करून पाटावर बसवायची, कोमट तिळाचं तेल चोळायची, आणि माणूस अगदी ढिला पडला की हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा, असा एक झटका द्यायची. कट् असा आवाज व्हायचा. मग तिचा नियम असा, की तीन दिवस याविषयी कुणाशी बोलायचं नाही. बोललं की गुण जातो.

लहानपणी ते तेल मीच तापवायचे. ओवा किती टाकायचा, धूर निघायच्या आत कधी उतरवायचं, हे मला मोठ्या पाढ्यांच्या आधी येत होतं. हा हात चुकेल असं मला कधी स्वप्नातसुद्धा वाटलं नाही.

तर मी इंदूरला बस बदलली, खिडकीची जागा मिळाली आणि नऊ दिवसांची झोप आली. डोकं खांद्यावर लोंबत होतं. देवास जवळ आलं आणि ड्रायव्हरने एक गतिरोधक असा काही घेतला की अख्खी बस उडाली. मी जागी झाले ती मान घट्ट धरलेली घेऊनच. डावीकडे वळेना. बसमधून उतरले, रिक्षावाला डावीकडून ओरडत होता, “कां जाना है बेन जी?” त्याला उत्तर द्यायला मला अख्खं फिरावं लागलं.

आत्याने दारातच ओळखलं. “नस चढली तुझी,” म्हणाली. “आज वार कोणता? मंगळवार. बघ, देवीनेच धाडलं तुला. पाय धू, मी तेल ठेवते.”

तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हाताला किंचित कंप आला होता, चहाची बशी वाजायची. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी पाटावर जाऊन बसले, कारण तिच्यापुढे न बसणं माझ्या डोक्यातच आलं नाही. तेलाचा तो वास आला आणि मी निम्मी तिथेच बरी झाले.

“डोकं सोड माझ्या हातात,” ती म्हणाली. “सोड गं, जड नाही मला.”

मी सोडलं. झटका बसला. आवाज झाला, पण नेहमीचा नाही. जरा खोल, ओला असा काहीतरी. मानेतून गरम लाट खांद्यापर्यंत गेली. आत्याचे हात एक क्षण माझ्या डोक्यावर तसेच राहिले. मग तिने ते काढले आणि म्हणाली, “बघ आता डावीकडे.” मी बघितलं. मान वळत होती! मी तिच्या कमरेला मिठी मारली. “बोलू नको,” ती म्हणाली, “गुण जातो.”

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारायची म्हणून काठी उचलायला गेले आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या आल्या होत्या, आणि मानेत कुणी खिळा ठोकावा तसं दुखत होतं. आत्या म्हणाली, “उतरतंय. उतरताना दुखतंच.” गुढी तिने शेजाऱ्याकडून उभारून घेतली. मी श्रीखंड डाव्या हाताने खाल्लं. त्या रात्री कूस बदलता आली नाही, आणि सकाळी उठताना डोकं दोन्ही हातांनी धरून उचलावं लागलं. मी म्हटलं, “आत्या, मला डॉक्टरला दाखवायचंय.” ती आधी नको म्हणाली, तीन दिवस झाले नाहीत म्हणाली. मग आतून चांगलं लुगडं नेसून आली. “चल. मीही येते.”

मला वाटलं, माझी काळजी म्हणून येतेय.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मान हळूच हलवून पाहिली, दोन्ही हातांची पकड पाहिली, टाचणीने बोटं टोचली. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि मला विचारलं, “किसी ने मालिश-वालिश की? झटका तो नहीं दिया किसी ने? दिया हो तो बताइए, फिर मुझे दूसरी जाँच करानी पड़ेगी.”

मी तोंड उघडलं. त्याआधी शेजारून आवाज आला.

“नहीं डॉक्टर साब. मैंने तो बस तेल लगाया. ये बस में सो गई थी, वहीं झटका लगा.”

इतकं शांतपणे. पदर सावरत. माझ्याकडे न बघता.

मला पुष्कळांनी विचारलंय, स्वतःला मीही विचारलंय, की तू गप्प का बसलीस? पन्नाशीला टेकलेली बाई, चाळीस पोरांचा वर्ग गप्प करते, आणि स्वतःच्या मानेसाठी तुला बोलता येईना? नाही आलं. आमच्या घरांत एक वळण आहे. भांडायचं ते घरात, मराठीत. परक्यापुढे, हिंदीत, वडीलधाऱ्याला खोटं पाडायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, भातासारखं अंगी लागतं. आत्याला ते पक्कं ठाऊक होतं. मी तिला खोटं पाडणार नाही याच भरवशावर ती बोलली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डॉक्टरांनी लिहून घेतलं: बसचा धक्का. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. त्यांनी मानेचा पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि धारला जाऊन दहा दिवस ट्रॅक्शन घ्यायला सांगितलं.

घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, “बघ, हाड चांगलंय. उगीच घाबरलीस.” मी रस्त्याकडे बघत बसले. मान वळत नव्हती म्हणून तिच्याकडे बघावं लागलं नाही, एवढंच बरं झालं.

ट्रॅक्शन म्हणजे हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा अडकवून वजनाने मान ताणणं. धारच्या दवाखान्यात ते करणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची होती, बोलणं ठसठशीत माळव्याचं. पहिल्या दिवशी मी सोसलं. दुसऱ्या दिवशी हातातल्या मुंग्यांची आग झाली. तिसऱ्या दिवशी पट्टा लावताच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने वजन काढलं, स्टूल घेतलं आणि म्हणाली, “मैडम, सच्ची बताओ. किसी ने गर्दन चटकाई थी?”

खोलीत आत्या नव्हती. तरीही मी आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग सगळं सांगितलं. पोरगी चिडली. माझ्यावर, बरं का. “तो पहले बताना था ना!” म्हणाली. तिने त्याच दिवशी ट्रॅक्शन बंद केलं, देवासच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मला दुसऱ्या तपासणीसाठी इंदूरला पाठवलं. तिथे दिसलं की मानेतला मऊ भाग ताणला जाऊन हाताकडे जाणाऱ्या नसेला सूज आली होती. झटक्याने ती आली आणि ट्रॅक्शनने वाढली.

पण मला लागलं ते वेगळंच. ती मुलगी मला समजावून सांगत होती, की बसमध्ये धरली होती ती मान म्हणजे नुसता आखडलेला स्नायू. नऊ दिवस एकाच जागी वाकून तो थकला, झोपेत लोंबकळला, गतिरोधकावर दचकला आणि घट्ट झाला. बस्स. गरम पाण्याने शेक, दुखणार नाही एवढी हळूहळू हालचाल, आणि चार-पाच दिवस धीर. “अपने आप खुल जाती,” ती म्हणाली.

आपोआप मोकळी झाली असती. म्हणजे मी पाटावर बसलेच नसते तरी रविवारपर्यंत बरी झाले असते. त्या दिवशी घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. यजमान म्हणाले, “मान तूच नेऊन दिलीस ना तिच्या हातात? मग?” यांचं नेहमी असं असतं. मुद्दा बरोबर, वेळ चूक. मी त्यांना सांगितलं, की झटक्याचं मला काही वाटत नाही, म्हातारं माणूस आहे, हात चुकला. चूक कुणाकडूनही होते. पण डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, का विचारतोय ते सांगितलं, आणि ती शेजारी बसून खोटं बोलली. तिने माझ्या मानेपेक्षा स्वतःचं नाव जपलं. केसाने गळा कापला तिने माझा.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझी मुंगी लंगडी होती. पाच महिने लागले. मला वाटायचं मोठं दुखणं आहे तर उपचारही मोठा असेल. ती पोरगी मला काय शिकवायची? हनुवटी आत ओढा, जणू कुणी वास येणारं काही नाकापुढे धरलंय. खांदे कानांपासून लांब न्या. हळूच उजवीकडे बघा, हळूच डावीकडे, जिथे दुखेल तिथून परत या. मानेचा पट्टा तिने आठवड्यात सोडायला लावला. बांधून ठेवलेली मान आळशी होते, म्हणाली. वह्या तपासायला मी स्वयंपाकघरातला जुना पाट आणून टेबलावर तिरका ठेवला आणि त्यावर वही. दर वीस मिनिटांनी उठायचं. बसमध्ये झोपायचं नाही, झोप अनावर झाली तर ओढणीची गुंडाळी मानेशी. मोबाईल आरतीच्या ताटासारखा डोळ्यांसमोर धरायचा, मांडीवर नाही. फळ्यावर खांद्याच्या वर हात जात नव्हता म्हणून मी खालच्या अर्ध्यातच लिहायचे, मागच्या बाकावरची पोरं उभी राहून उतरवून घ्यायची. एकदाही तक्रार केली नाही त्यांनी.

या पाच महिन्यांत आत्याला मी दर रविवारी फोन करत होते. दर रविवारी म्हणायची, “कशी आहे गं मान? त्या मेल्या बसवाल्याचं वाटोळं होवो.” नात्यातल्या सगळ्यांना तिने हीच बस ऐकवली होती. मावस दीर भेटले, म्हणाले, “वहिनी, बसचा धक्का वाईटच.” एकदा मी फोनवर म्हटलं, “आत्या, बसने नाही झालं ते. तुला माहीत आहे.” ती म्हणाली, “आवाज तुटतोय गं तुझा,” आणि फोन ठेवला. आवाज काही तुटत नव्हता.

मला तिच्याकडून काही नको होतं. माफी नको, रडणं नको. तिने एकदा, फक्त एकदा, कबूल करावं, हो, माझ्या हाताने झालं. कारण तसं झालं नाही तर मी माझं सगळं लहानपण पुन्हा तपासायला बसणार होते. कांजिण्या, फ्रॉकांची पिशवी, कन्यादान. यातलं माझ्यासाठी किती आणि लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून किती? हा हिशेब मला करायचा नव्हता. आणि तो आपोआप सुरू झाला होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी देवासला गेले. मनात वाक्य तयार होतं. दार उघडंच होतं आणि तेलाचा वास जिन्यापर्यंत आला होता.

आत पाटावर एक नवी नवरी बसली होती, हातांवरची करवा चौथची मेंदी अजून पुसली नव्हती. मान एका बाजूला कललेली. शेजारी तिची सासू, हातात नारळ. सरदारपूरकडची मंडळी, खाली नुकतीच भाड्याने राहायला आली होती. सासू आत्याला सांगत होती, “बई, म्हारी बऊ की गरदन जाम हुई गी.” आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला, खरंच खुलला. “आलीस? बस. एवढं उरकते.” मग सासूकडे वळून हिंदीत म्हणाली, “ये मेरी भतीजी. इसकी भी ऐसी ही थी, मैंने ही ठीक की. पूछ लो.”

पूछ लो.

सासूने माझ्याकडे पाहिलं. नवरीलाही बघायचं होतं, पण मान वळत नव्हती, म्हणून तिने नुसते डोळे फिरवले. त्या डोळ्यांनी माझं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्यापुढे, हिंदीत, आत्याला खोटं पाडलं. म्हटलं, “इनसे झटका मत लगवाइए. मुझे इन्होंने ही लगाया था. पाँच महीने हाथ सुन्न रहा. इसे गरम सेंक दीजिए और डॉक्टर को दिखाइए.”

 सासू एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली.

आत्याने वाटीतल्या तेलात बोटं बुडवली. आवाज जराही चढवला नाही. “इसकी बात पे मत जाओ,” सासूला म्हणाली. “बिन माँ की है. बचपन से झूठ बोलने की आदत है. मैंने ही पाला, क्या करूँ.”

आणि त्याच आवाजात, तेल नवरीच्या मानेवर लावत, मराठीत बोलली. त्या दोघींना मराठीचा गंध नव्हता. सासूला वाटलं असेल, भाचीला समजावतेय.

“आवाज आला तेव्हाच मला कळलं होतं, चुकलं म्हणून. त्या दिवसापासून मी कुणाला झटका दिलेला नाही. नुसतं तेल चोळते आणि सोडून देते. हिलाही देणार नाही. आता गप बस.”

सात महिने ज्यासाठी तडफडले ते मला मिळालं होतं. एका दमात, वर न बघता. सगळ्या देवासच्या माना तिने त्या दिवसापासून वाचवल्या होत्या. म्हणजे कळलं तिला तेव्हाच, पूर्ण कळलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी ती चांगलं लुगडं नेसून माझ्याबरोबर डॉक्टरकडे आली होती.

“आत्या,” मी म्हटलं, “हेच हिंदीत सांग.”

ती तेल चोळत राहिली. तिचा अंगठा नवरीच्या मानेवरून वर-खाली जात होता, हलका, माझ्या आठवणीतला. नवरीने डोळे मिटले. सासूने मला वाट करून द्यायला पाय आवरून घेतले आणि नारळ पदराआड धरला.

“एकदा सांग. त्यांना कळेल असं.”

“जाताना दार ओढून घे,” आत्या म्हणाली. “मांजर येतं.”